पाडव्याचा संकल्प आणि ज्वारीची भाकरी

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतों, कडुनिंबाचीं पानें खातों आणि एखादा संकल्प करतों. यंदा गृहकृत्यांतील एक जुनी विद्या स्वतःच्या हातानें शिकण्याचा संकल्प करावा आणि आरंभ ज्वारीच्या भाकरीपासून करावा, अशी माझी सूचना आहे.

मुहूर्तही योग्यच आहे. बीड जिल्ह्यांत रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनांत निघते. पाडव्याला नवें धान्य घरांत आलेलें असतें. तें कडक उन्हांत वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासह कणगींत भरण्याची जुनी रीत आहे. ओल राहिली तर बुरशी धरते. पाल्यामुळें कीड दूर राहते. गुढीवरचा डहाळा आणि कणगींतला पाला एकाच झाडाचा!

आतां भाकरीकडे वळूं. गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळतांच चिवट जाळें तयार होतें. ज्वारींत तें द्रव्य नाहीं. म्हणून पोळीची रीत येथें चालत नाहीं. आधणाच्या पाण्यानें ज्वारींतील पिष्ट फुगून चिकट होतें आणि तळहातानें रगडून मळल्यावर पीठ एकजीव होतें. पीठ ताजें हवें. फार दिवसांचें पीठ विरी जातें आणि थापतांना कडा फाटतात. एका वेळीं एकाच भाकरीपुरतें मळावें. परातींत पिठी पसरून भाकरी फिरवीत थापावी, पिठीची बाजू वर ठेवून तव्यावर टाकावी आणि लगेच पाण्याचा हात फिरवावा. तें पाणी पुरतें सुकण्यापूर्वीं भाकरी उलटावी. उशीर झाल्यास तडे जातात. शेवटीं विस्तवावर शेकली, कीं आंतील वाफ पापुद्रा उचलते.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतून ज्वारीचें पुष्कळ कौतुक झालें. परंतु कौतुकानें भाकरी थापतां येत नाहीं. आणि ती कोण थापतें, हाही प्रश्न उरतोच.

बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि हंगाम संपल्यावर वसंतांत परततात. तेथें नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. दोघांच्या कामाचा हिशेब एकत्र होतो. पहाटे उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करणें मात्र बहुधा तिच्या एकटीच्याच वांट्याला येतें. आपण हौसेनें शिकूं पाहतों ती विद्या तिच्या डोक्यावरचें ओझें आहे.

म्हणून हा संकल्प केवळ गृहिणींनीं करूं नये. मुलगे, मुली, गृहस्थ, सर्वांनीं घरांतील वडीलधाऱ्या बाईजवळ बसून शिकावें. पहिल्या चार-आठ भाकऱ्या फाटतील. पण त्या फाटतांना, आजवर आपल्या ताटांत न मागतां पडलेल्या भाकरीमागें किती कसब आणि किती श्रम होते, हें कळेल. आणि कळल्यावर ते श्रम वांटून घेणें अवघड जाणार नाहीं.