विजेची साठवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छतावरच्या सौर पॅनेलची दुपारची शिल्लक वीज खात्याच्या तारांवर जाते आणि रात्री तीच परत मिळते, हा समज गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या चोपड्यापासून मुंबईपर्यंत सारखाच आढळतो. परत मिळते ती बिलातली वजावट. दुपारची वीज शेजारपाजारच्या घरांतले पंखे आणि फ्रीज त्याच क्षणी वापरून टाकतात. रात्रीची वीज त्या वेळी चालू असलेल्या केंद्रांतून येते. गोव्याचे स्वतःचे मोठे वीजकेंद्र नसल्याने त्यात कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या औष्णिक केंद्रांचाही वाटा असतो. तारांच्या जाळ्यात साठा होत नाही. निर्मिती आणि वापर क्षणोक्षणी जुळवावे लागतात. वापर वरचढ झाला की ५० हर्ट्‌झची वारंवारता घसरते, निर्मिती वरचढ झाली की चढते.

दुसरा समज धरणांविषयीचा. १९६० मेगावॅटचे कोयना केंद्र पाणी राखून संध्याकाळच्या मागणीला वीज देते, पण दुपारची फाजील वीज आत घेऊ शकत नाही. टर्बाइनांतून गेलेले पाणी वाशिष्ठीकडे उतरते, ते वर परतत नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प वेगळा आहे. मागणी कमी असताना तिथे खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. पंपाला चार युनिटे लागली तर परत साधारण तीनच मिळतात. यावरून हा तोट्याचा धंदा ठरवण्याची घाई होते. मात्र दुपारी गिऱ्हाईक नसलेल्या सौरविजेचे केंद्र बंदच ठेवावे लागणार असेल, तर चारातली तीन वाचवणे फायद्याचे ठरते.

मेगावॅट म्हणजे साठा, हाही घोटाळा नेहमीचा, आणि वर्तमानपत्रांतही तो सुटत नाही. मेगावॅट हा वीज देण्याचा वेग. साठा कळण्यासाठी तास सांगावे लागतात. २५० मेगावॅट सहा तास चालले तर १५ लाख युनिटे होतात. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिटेच साठवते.

साठवण म्हणजे बॅटरीच, असेही नाही. २५ अंशांचे १०० लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापवले की सुमारे ४.६ युनिटे उष्णता साठते, म्हणजे त्या बॅटरीच्या अडीचपट. शून्य अंशावरचा एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिटे उष्णता शोषतो. मासळीसाठीचा बर्फ वीज मुबलक असताना करून ठेवला, तर ती थंडीची साठवणच होय. अशा साठ्यातून पुन्हा वीज करणे मात्र परवडत नाही. त्यासाठी फार जास्त तापमान लागते. काही सौर-औष्णिक केंद्रांत वितळलेले क्षार ५६५ अंशांच्या आसपास तापवून त्यांच्यावर रात्री वाफ करतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या राष्ट्रीय वीज आराखड्यात २०३१-३२ साठी सुमारे ७४ गिगावॅट, ४११ गिगावॅट-तास साठवणीची गरज मांडली आहे. एवढी साठवण उभी राहिली की गावची वीज जाणारच नाही, ही अपेक्षा चुकीची. ती साठवण सूर्यास्तानंतरची तूट भरण्यासाठी आहे. पावसाळ्यात माडाचे झावळे पडून चोपड्याची तार तुटली, तर दूरच्या साठ्यातली वीज तुटल्या जागेपलीकडे, गावात पोचत नाही. तिथे घरातली किंवा गावातलीच बॅटरी चालते; बाकी काम फांद्या छाटणाऱ्यांचे आणि तारा भूमिगत करणाऱ्यांचे.