फोर्कलिफ्टचा तोल टायरवर, आयुष्य बॅटरीवर

भिवंडीची गोदामे असोत, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखाने असोत किंवा न्हावा-शेवा बंदरालगतची कंटेनर यार्डे. माल उचलण्याची आणि रचण्याची भिस्त आता मोठ्या प्रमाणावर फोर्कलिफ्टवर आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर जागोजागच्या लहान गोदामांऐवजी मोठी मध्यवर्ती गोदामे उभारण्याकडे कंपन्यांचा कल वाढला आणि या यंत्राचे महत्त्वही वाढले. मात्र यंत्र किती टन उचलते याची जेवढी चौकशी होते, तेवढी त्याच्या टायरची आणि बॅटरीची होत नाही. या दुर्लक्षाची किंमत मालकाला पैशांत मोजावी लागते, तर चालकाला आणि शेजारी काम करणाऱ्या माथाडी कामगाराला कधी कधी जिवानिशी.

तोल कसा बिघडतो?

मोटारीप्रमाणे फोर्कलिफ्टला सहसा स्प्रिंग नसतात. जमिनीचा धक्का सोसण्याचे काम टायरच करतात. माल उचललेला असताना यंत्र आणि माल यांच्या एकत्रित वजनाचा बहुतांश भार पुढच्या दोन चाकांवर येतो. समजा, या चाकांमध्ये एक मीटरचे अंतर आहे आणि एका बाजूचा टायर दुसऱ्यापेक्षा दहा मिलिमीटरने अधिक झिजला आहे. अशा वेळी चार मीटर उंचीवरचा माल सुमारे चाळीस मिलिमीटर बाजूला झुकतो. वळण घेताना हाच कल घातक ठरू शकतो. म्हणूनच एका आसावरील दोन्ही टायर एकाच वेळी बदलणे श्रेयस्कर.

टायरची निवड जमिनीवरून करावी. खडबडीत, उघड्या यार्डात हवेचे टायर धक्का चांगला सोसतात. पण खिळे, पत्र्याचे तुकडे पडलेल्या ठिकाणी ते पंक्चर होतात. तेथे भरीव रबरी टायर उपयोगी पडतात. गुळगुळीत फरशीच्या अरुंद मार्गिकांतील यंत्रांना पॉलियुरेथेनची चाके असतात. औषध किंवा अन्नपदार्थांच्या गोदामात फरशीवर काळे डाग न पाडणारे टायर लागतात. त्यात काजळीऐवजी सिलिका वापरलेली असते. मात्र ते सहसा लवकर झिजतात आणि त्यांच्यामुळे यंत्रात स्थिर वीज साठू शकते. त्यामुळे ज्वालाग्राही मालाजवळ अशी यंत्रे चालवण्यापूर्वी उत्पादकाचा सल्ला आवश्यक आहे.

अनेक भरीव टायरच्या बाजूवर झिजेची मर्यादा दाखवणारी रेषा असते. टायर तेथपर्यंत झिजला की तो बदलावा. रबराचे तुकडे निघणे, एका जागी सपाट होणे, रिमपासून सुटणे या खुणा दिसल्यास रेषेची वाटही पाहू नये. हवेच्या टायरची दोन भागांची रिम उघडण्यापूर्वी पूर्ण हवा काढणे अनिवार्य आहे. अन्यथा रिम स्फोटासारखी उडते.

बॅटरीची शिस्त

विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी केवळ ऊर्जा पुरवत नाही, तर मागच्या बाजूला समतोल राखणारे वजन म्हणूनही काम करते. त्यामुळे केवळ व्होल्टेज जुळले म्हणून हलकी बॅटरी बसवणे धोक्याचे असते. यंत्रावरील पट्टीवर बॅटरीचे किमान व कमाल वजन दिलेले असते, ते पाहूनच खरेदी करावी.

शिसे-आम्ल बॅटरीचे साधारण गणित आठ-आठ-आठ असे मांडले जाते: आठ तास काम, आठ तास चार्जिंग आणि आठ तास थंड होणे. दोन पाळ्यांत काम चालत असेल तर दुसरी बॅटरी हवी. ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा वापरू नये. चांगली निगा राखल्यास अशी बॅटरी साधारण १५०० वेळा चार्ज होते, म्हणजे वर्षाला ३०० दिवस धरले तर पाच वर्षे. जेवणाच्या सुटीत वारंवार थोडे थोडे चार्जिंग केल्याने हे आयुष्य घटते. विदर्भातील उन्हाळ्यासारखी उष्णताही तिची शत्रूच.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरावे. आधी काठोकाठ भरल्यास चार्जिंगच्या वेळी द्रव वाढून आम्ल बाहेर सांडते. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे पाणी घालावे. आम्ल मात्र स्वतः कधीही ओतू नये. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. तेव्हा चार्जिंगची जागा हवेशीर असावी, तेथे विडी-सिगारेट नसावी आणि डोळे धुण्यासाठी पाण्याची सोय असावी.

लिथियम-आयन बॅटरीला पाणी लागत नाही व ती सुटीतही चार्ज करता येते. मात्र तिची सुरुवातीची किंमत अधिक असते, ती हलकी असल्याने जादा वजन बसवावे लागते आणि शून्याखालील तापमानात ती चार्ज करणे हानिकारक असते. शीतगृहाच्या मालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. एका पाळीच्या कामाला शिसे-आम्ल बॅटरी अद्यापही पुरेशी ठरते.

निकामी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला विकण्याचा मोह टाळायला हवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत यंत्रणेकडेच सोपवणे बंधनकारक आहे. उघड्यावर वितळवलेले शिसे आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. पाळी सुरू होण्यापूर्वी टायर व बॅटरी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ती चालकाला मिळतील याची काळजी व्यवस्थापनानेच घ्यायला हवी.