आंत्रशस्त्रकर्मानंतरचा संसर्जनक्रम : पेजेपासून रापणीपर्यंत

आतड्यावर शस्त्रकर्म झालेला रुग्ण बांबोळीहून, कोल्हापूरहून वा मुंबईहून वेंगुर्ल्यास परततो, तेव्हा तो दोन प्रश्न घेऊन आमच्याकडे येतो : आता जेवायचे काय आणि कामावर जायचे केव्हा? प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांची उत्तरे चुकली तर कुशल हातांनी केलेले शस्त्रकर्मही व्यर्थ जाऊ शकते. म्हणून या विषयाचा विचार वैद्यबंधूंपुढे मांडीत आहोत.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 14 व्या अध्यायात बद्धगुदोदर व परिस्रावी उदर यांतील शस्त्रकर्म वर्णिले आहे. नाभीखाली डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, छिद्र असल्यास काळ्या मुंग्यांकरवी ते सांधावे, असा तो विधी होय. मात्र आचार्य टाक्यांपाशी थांबत नाहीत. रुग्णास निवात जागी ठेवावे व दुग्धाहारावर राखावे, असेही ते सांगतात. शस्त्रकर्माची सिद्धी पश्चात्कर्मावर अवलंबून असते, हाच याचा मथितार्थ.

अग्नी आणि पेज

चरकाचार्यांनी शोधनानंतर पेया, विलेपी, यूष व मांसरस असा सात दिवसांचा, बारा अन्नकालांचा क्रम सांगितला आहे. हा क्रम शस्त्रकर्मास दिवस मोजून लावता येत नाही; पण त्यातील तत्त्व लागू पडते. कोकणातील घरांना तर तो परका नाहीच. पेया म्हणजे उकड्या तांदळाची पेज, विलेपी म्हणजे गुरगुट्या भात, यूष म्हणजे मुगाचे कढण, आणि मांसाहारी कुटुंबात त्यापुढे मुडदुशांचे पातळ, बिनतिखट कालवण.

पूर्वी वात सरेपर्यंत रुग्णास उपाशी ठेवीत. हल्ली अनेक शल्यचिकित्सक दुसऱ्याच दिवशी द्रवाहार सुरू करतात. तो निर्णय त्यांचाच. आमचे काम घरी परतल्यावर सुरू होते. पहिले काही आठवडे अल्पतंतू, मऊ आहार थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावा. नंतर भाज्या व फळे एकेक करून वाढवावीत. दुधाबाबत मात्र तारतम्य हवे. लघ्वांत्राचा भाग काढलेल्या काहींना आरंभी दूध पचत नाही, जुलाब वाढतात; अशा वेळी ग्रंथवचनाचा हट्ट धरू नये.

आमची एक चूक

लघ्वांत्राचे तोंड पोटावर काढून पिशवी लावलेला एक मच्छीमार बांधव चैत्राच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला. पिशवी वारंवार भरे, तोंड कोरडे पडे. आम्ही भरपूर पाणी व शहाळी पिण्यास सांगितले. चार दिवसांनी तो पोटऱ्यांत गोळे आणि चक्कर घेऊन परतला. पिशवी पूर्वीपेक्षा अधिक भरत होती. त्याच्या शल्यचिकित्सकांना दूरध्वनी केला, तेव्हा आमची चूक उमगली. या मार्गाने बाहेर पडणाऱ्या द्रवात दर लिटरमागे सुमारे 100 मिलिमोल सोडियम जाते. शहाळ्यात पोटॅशियम विपुल, सोडियम अल्प. नुसते पाणी तर आतड्यात मीठ ओढून घेते आणि स्राव वाढविते. त्याला हवे होते मीठ. त्यांच्या सांगण्यावरून साधे पाणी मर्यादित केले, क्षार-संजीवनी व मीठ घातलेली दाट पेज सुरू केली. स्राव आटोक्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रानुसार क्षार-संजीवनीत लिटरला 2.6 ग्रॅम मीठ असते. स्राव फार असल्यास याहून तीव्र द्रावण लागते. ते प्रमाण शल्यचिकित्सकांनीच ठरवावे. हृदय वा वृक्काचा विकार असल्यास विशेष जपावे.

अशा रुग्णांस काजूगर, खोबऱ्याचे काप व फणसाचे गरे आरंभी वर्ज्य सांगावेत. आपल्याकडचे हे लाडके पदार्थ नीट न चावल्यास त्या अरुंद तोंडाशी अडकून अवरोध करतात.

काय करू नये

आतड्याचा सांधा ताजा असताना एरंडस्नेह, तीव्र विरेचन वा बस्ती देऊ नये. पुढेही शल्यचिकित्सकांच्या संमतीखेरीज बस्ती नकोच. शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताप, वाढती नाडी, पोटफुगी, हिरवी वांती किंवा वाढता शूल आढळल्यास सांधा गळत असल्याची शंका घ्यावी. तेथे हिंग्वष्टक देण्यात घालविलेला एक तासही रुग्णास महाग पडतो. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. लघ्वांत्राचा अंतिम भाग बराचसा काढला असेल तर ब-12 जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही. तेथे आपले रक्तवर्धक कल्प पुरेसे नाहीत. त्याची इंजेक्शने नियमित घेण्यास आपणच आग्रह धरावा.

कामावर परत

घरातल्या घरात चालणे पहिल्या दिवसांपासून हवे. निजून राहण्यास विश्रांती समजू नये. उदराची भित्ती बळावेपर्यंत, साधारणतः सहा ते आठ आठवडे, जड ओझे उचलू नये. पाण्याच्या कळशा, काजूची पोती, रापणीचा दोर ही सारी ओझीच होत. या काळातील घाई पुढे अंत्रवृद्धीस कारण होते.

दुसरे टोक भीतीचे. तीन-तीन महिने केवळ पेजेवर राहून कृश झालेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. पेज ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. पिशवी असलेला माणूस लग्नकार्यास जाणे टाळतो, निराळ्या खोलीत जेवतो. त्याच्या पत्नीला काय विचारावे ते कळत नाही. येथे औषधाहून वैद्याचा शब्द मोठा ठरतो.

तो मच्छीमार बांधव पिशवी काढण्याच्या दुसऱ्या शस्त्रकर्मानंतर, अवधी पूर्ण करून, रापणीस उभा राहिला. प्रथम दोर ओढण्यास नव्हे, मासळी निवडण्यास. क्रमाक्रमाने वाढविणे यालाच तर संसर्जन म्हणतात. तो क्रम रुग्णाला समजावून देणे, आणि आपल्या शास्त्राची सीमा येते तेथे शल्यचिकित्सकास विचारण्यात कमीपणा न मानणे, हेच या प्रसंगी वैद्याचे कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.