वापरलेल्या मोटारीची आयात आणि स्थानिक व्यापाऱ्याकडील खरेदी : न्यूझीलंडचे उदाहरण

वापरलेल्या मोटारीची किंमत परदेशातील बाजारात कमी व स्वदेशातील व्यापाऱ्याकडे अधिक आढळली, की मधल्या फरकास व्यापाऱ्याचा नफा समजण्याकडे ग्राहकाचा कल असतो. हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यास न्यूझीलंडची बाजारपेठ विशेष उपयुक्त आहे.

१९८० नंतरच्या दशकात त्या देशाने वाहनांच्या आयातीवरील निर्बंध शिथिल केले. १९९८ साली मोटारींवरील आयातकर रद्द झाला आणि त्याच वर्षी तेथील मोटारजुळणीचे अखेरचे कारखाने बंद पडले. तेव्हापासून तेथे विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार परदेशातून येते. वापरलेल्या आयात मोटारींपैकी बहुसंख्य जपानमधून येतात. दोन्ही देशांत वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जपानमधील सक्तीच्या वाहनतपासणीत आहे. नव्या खाजगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. ती खर्चाची असल्याने अनेक मालक मोटार सुस्थितीत असतानाच विकून टाकतात आणि अशा मोटारी लिलावगृहांत येतात.

या लिलावांतून मध्यस्थामार्फत स्वतः मोटार आणविणे ग्राहकास शक्य असते. परंतु लिलावातील बोली म्हणजे मोटारीची संपूर्ण किंमत नव्हे. तीत मध्यस्थाचे शुल्क, जहाजाचे भाडे, विमा, बंदरावरील खर्च आणि १५ टक्के वस्तु-सेवाकर मिळवावा लागतो. मोटार बंदरात उतरल्यावर जैवसुरक्षेची तपासणी होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पिकांना घातक असे ढेकूणवर्गीय कीटक आढळल्यामुळे जपानहून मोटारी आणणारी काही जहाजे परत पाठविण्यात आली होती. पुढे गंज, सांगाडा, ब्रेक व आसनपट्टे यांची परीक्षा होते. १ मार्च २०२० पासून वापरलेल्या आयात प्रवासी मोटारींत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणा असणे सर्वसाधारणपणे आवश्यक झाले आहे. सांगाड्यास हानी पोहोचल्याचे आढळल्यास दुरुस्ती प्रमाणित होईपर्यंत मोटारीची नोंदणी होत नाही. हे सर्व खर्च व्यापाऱ्यासही करावेच लागतात. ते त्याच्या विक्रीच्या किमतीत आधीच समाविष्ट असतात, इतकेच.

खरा भेद जबाबदारीचा आहे. स्थानिक व्यापाऱ्यास १९९३ चा ग्राहक हमी कायदा लागू होतो. मोटार सदोष निघाल्यास दुरुस्ती, बदली वा परतावा मागता येतो आणि वाद उत्पन्न झाल्यास मोटार वाहन विवाद न्यायाधिकरणाकडे जाता येते. मोटार हानिग्रस्त अवस्थेत आयात झाली होती काय, याची माहिती देणारे पत्रकही व्यापाऱ्यास विक्रीच्या मोटारीवर लावावे लागते. परदेशातील विक्रेत्याविरुद्ध मात्र हे हक्क व्यवहारात बजावता येत नाहीत. लिलावपत्रकावरील श्रेणी उपयुक्त असली, तरी ती परीक्षकाने बाह्य पाहणीवरून दिलेली असते; ती हमी नव्हे.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच प्रश्न मांडला. विक्रेत्यास वस्तूचे दोष ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. म्हणून ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो आणि उत्तम वस्तूंचे मालक बाजारातून निघून जातात. हमी, नावलौकिक व परवाने या संस्था या दोषावर उपाय म्हणून उदयास येतात, असेही त्यांनी दाखविले. व्यापाऱ्याचा अधिक भाव हा अंशतः अशा हमीचा मोबदला होय.

एक कल्पित हिशेब पाहावा. व्यापाऱ्याकडे जी मोटार १५,००० डॉलरला मिळते, ती स्वतः आणविल्यास सर्व खर्चासह १२,५०० डॉलरला पडते असे धरू. मोठा दोष निघाल्यास दुरुस्तीस ६,००० डॉलर लागतील. दोषाची शक्यता एक-चतुर्थांश असेल तर अपेक्षित हानी १,५०० डॉलर होते व आयात लाभाची ठरते. शक्यता निम्मी असेल तर हानी ३,००० डॉलर होऊन २,५०० डॉलरची बचत त्यात बुडते. परंतु या गणितात एक महत्त्वाची गोष्ट सुटते. शंभर मोटारी आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या अनुभवास सरासरी येते. एकच मोटार आणणाऱ्या ग्राहकाच्या वाट्यास एक तर पूर्ण बचत येते, नाही तर पूर्ण हानी. जोखीम वाटून घेण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

यावरून आयात सर्वस्वी अयोग्य ठरत नाही. स्थानिक बाजारात दुर्मीळ असलेला नमुना हवा असेल, लिलावपत्रक वाचण्याचे ज्ञान असेल आणि मोठ्या दुरुस्तीचा भार सोसण्याइतकी शिल्लक असेल, तर तो मार्ग समर्थनीय आहे. ज्याने आपली सर्व बचत एकाच मोटारीत घातली आहे, त्यास मात्र व्यापाऱ्याकडील हमी महाग वाटली तरी तीच अधिक आवश्यक असते. आणि स्वस्त आयातीचा मोह बहुधा अशाच ग्राहकास सर्वाधिक होतो.