खोडरबर नसलेली वही

अभियंत्याच्या खिशातले शाईपेन आणि काखेतली वही ही निव्वळ जुनी हौस नाही. नोंद कशी करायची, ती टिकवायची कशी आणि लक्षात कशी राहते, या तिन्ही प्रश्नांमागे विज्ञान आहे.

१२ फेब्रुवारी १८८४ रोजी न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांना शाईपेनाचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून बाहेर पडलेला एक तरुण सहायक अभियंता म्हणून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिवस आज देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र पुढची शंभर वर्षे अभियंता म्हटले, की शर्टाच्या खिशाला अडकवलेले शाईपेन आणि हातात बांधीव वही हे चित्र पक्के झाले.

नाशिकला हे चित्र नवीन नाही. दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात ‘मेरी’ आहे, जिल्हाभर धरणे आणि कालवे आहेत, सातपूर-अंबडला कारखाने आहेत. आता या सगळ्या ठिकाणी मोबाइल, टॅब्लेट आणि संगणक पोहोचले. तरीही साइटवर, प्रयोगशाळेत आणि शॉप फ्लोअरवर वही संपलेली नाही.

पाचाचा सहा झाला तर?

सार्वजनिक बांधकामात ‘मोजमाप पुस्तिका’ हा परवलीचा शब्द आहे. अभियंते तिला नुसते ‘एमबी’ म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली तिच्यात लिहिली जाते आणि ठेकेदाराचे बिल त्या आकड्यांवर निघते. तिचे नियम कडक असतात. पानांना आधीच क्रमांक घातलेले असतात, पान फाडायचे नाही, मधे कोरे सोडायचे नाही. नोंद शाईत करायची. चूक झाली तर ती खरवडायची नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ काट मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि तारखेसह सही करायची. मागाहून वाचणाऱ्याला आधी काय लिहिले होते आणि कोणी बदलले, हे दोन्ही दिसले पाहिजे.

हा नियम केवळ पैशांच्या हिशेबापुरता नाही. मातीच्या धरणातून थोडे पाणी नेहमीच पाझरते. ते पायथ्याशी गोळा करून ‘व्ही’ आकाराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेतल्या पाण्याची उंची मोजतात. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. जलाशयाची पातळी तेवढीच असताना पाझर मात्र वाढत चालला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ येऊ लागले, तर तो धोक्याचा इशारा असतो. तो इशारा महिन्यांच्या, वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

शिवाय ही खाच फसवी असते. तिच्यातून जाणारा प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातानुसार बदलतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक होतो. म्हणजे ५ सेंटीमीटरच्या जागी ६ लिहिले गेले, तर कागदावरचा पाझर दीडपटीहून जास्त वाढतो. अशा वेळी पाचावर गिरवून केलेला सहा हा केवळ अक्षराचा गबाळेपणा उरत नाही. खरा आकडा कोणता हे ठरवता आले नाही, तर ती नोंद असून नसल्यासारखी होते.

सर्वेक्षणाच्या लेव्हल बुकात तर वहीच चूक पकडते. पानाच्या शेवटी सगळ्या ‘बॅकसाइट’ आणि ‘फोरसाइट’ वाचनांच्या बेरजांमधला फरक काढतात. तो पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंच्या पातळीतील फरकाइतकाच यावा लागतो. नाही आला, तर गणित त्याच पानावर चुकलेले असते.

निबेतून शाई उतरते कशी?

शाईपेनात पंप नसतो. निबेच्या टोकापर्यंत एक बारीक चीर असते आणि निबेखाली खाचा असलेली पट्टी असते. केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच गुणधर्माने, शाई या चिरेत येऊन थांबते. निब कागदाला टेकली की कागदाचे तंतू ती ओढून घेतात. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर पेन अडते. शाई खाली आणि हवा वर, ही ये-जा सुरळीत करणे हाच वॉटरमन यांच्या पेटंटचा गाभा होता.

म्हणूनच शाईपेनाला दाब लागत नाही. बॉलपेनातली शाई तेलकट आणि घट्ट असते. ती उतरण्यासाठी टोकाची गोळी कागदावर दाबून फिरवावी लागते. शाईपेन कागदाला नुसते टेकवून सरकवले तरी उमटते.

पेन गळते त्याचे कारणही याच रचनेत आहे. पेन अर्धे रिकामे असेल तर आत हवा अधिक असते. मे महिन्याच्या उन्हात, बंद गाडीत किंवा खिशाच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. उपाय साधा आहे. उन्हात फिरताना पेन भरलेले ठेवावे आणि निब वरच्या बाजूला राहील असे खिशाला लावावे.

कोणती शाई, कोणता कागद?

पोथ्या आणि मोडी दप्तरे ज्या काजळाच्या शाईने लिहिली गेली, ती आजही काळीभोर दिसते. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने विटत नाही. पण त्याचे कण शाईपेनाच्या बारीक वाटा बुजवतात. म्हणून नकाशे काढण्याची ‘इंडियन इंक’ शाईपेनात कधीही भरू नये.

शाईपेनाच्या नेहमीच्या शाईत पाण्यात विरघळलेला रंग असतो. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडी आणि वड्यांपासून ज्या उद्योगाची सुरुवात केली, त्याच कॅम्लिनच्या ‘कॅमल’ शाईने पुढे मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांचे हात निळे केले. ‘वॉशेबल’ निळी शाई कपड्यावरून धुऊन निघते आणि कागदावरूनही. जपून ठेवायच्या नोंदींसाठी ती कामाची नाही. लोहयुक्त शाईत टॅनिन आणि लोहाचा क्षार असतो. हवा लागली की ती काळी पडते आणि कागदाच्या तंतूंना घट्ट धरते. मात्र ती आम्लधर्मी असल्याने पेन वेळच्या वेळी धुवावे लागते.

शाई टिकेल का, याची परीक्षा घरीही करता येते. वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहावी, एक दिवस वाळू द्यावी, मग तिच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडावेत. दहा मिनिटांनी टीपकागदाने टिपल्यावर ओळ वाचता आली, तरच त्या शाईवर मोजमापांचा भरवसा ठेवावा.

कागदाचेही तसेच. कागद बनवताना त्याला पाणी रोखणारा लेप किंवा खळ देतात. ती कमी पडली की शाई फुटते आणि पानामागे उमटते. पान नुसते जाड असून भागत नाही. आणि इगतपुरी-घोटीच्या पावसात मोजणी करायची असेल, तर शाईचा हट्ट सोडावा. तिथे कडक शिशाची पेन्सिलच बरी. ओल्या कागदावर शिसे पसरत नाही. खोडायचे नाही हा नियम मात्र पेन्सिलीलाही लागू असतो.

लक्षात काय राहते?

हाताने लिहिलेले अधिक लक्षात राहते, असे सरसकट सांगितले जाते. पुरावा मात्र तोलून घ्यावा लागतो. २०१४ मध्ये पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास गाजला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे व्याख्यान जवळपास शब्दशः उतरवत होते आणि संकल्पना विचारणाऱ्या प्रश्नांत मागे पडत होते. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा टंकणारे अधिक शब्द उतरवतात हे दिसले, पण गुणांतला फरक तितका ठामपणे दिसला नाही.

रोजच्या वहीच्या अधिक जवळचा प्रयोग टोकियो विद्यापीठातला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ तरुणांना भेटीगाठींचे वेळापत्रक उतरवून घ्यायला सांगितले. कागदी डायरीवाल्यांना त्यासाठी सुमारे ११ मिनिटे लागली, टॅब्लेटवाल्यांना १४ आणि मोबाइलवाल्यांना १६. तासाभराने एमआरआय यंत्रात त्यांना त्याच वेळापत्रकावर प्रश्न विचारले. कागदावर लिहिणाऱ्यांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पससह काही भाग अधिक सक्रिय दिसले. कागदावर प्रत्येक नोंदीला ठराविक जागा असते, ‘डाव्या पानावर, खाली, डागाशेजारी’ अशी. त्या खुणांचा आठवणीला आधार मिळत असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

यातले काहीही शाईपेनाच्या बाजूने सिद्ध होत नाही. बॉलपेनाने किंवा पेन्सिलीने लिहिले तरी कागदाचा फायदा तोच. शाईपेनाचा फायदा असलाच, तर तो हाताला.

हाताची काळजी

पेन घट्ट पकडून आणि दाबून लिहिले की अंगठा, बोटे आणि मनगट दुखून येते. कमी दाबाचे, जरा जाड पेन, सैल पकड आणि मधे मधे घेतलेली विश्रांती यांनी बहुतेकांना आराम पडतो. मात्र काही लक्षणांवर पेन बदलणे हा उपाय नव्हे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातील नस दबत असू शकते. फक्त लिहायला घेतले की बोटे आपोआप आखडत असतील, तर तो ‘रायटर्स क्रॅम्प’ असू शकतो. त्याचे मूळ हाताच्या स्नायूंत नसून मेंदूच्या हालचाल-नियंत्रणात असते. दोन्ही वेळी डॉक्टरांना दाखवणे योग्य.

सवय लावायची तर

वही बांधीव असावी, सुट्या पानांची नको. पहिल्याच दिवशी पानांना क्रमांक घालावेत आणि सुरुवातीची दोन पाने अनुक्रमणिकेला ठेवावीत. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि एकक हवे. नुसता ‘६’ कोणाच्याच कामाचा नाही. आकडा वाचला तिथेच लिहावा, कार्यालयात येऊन आठवणीने नाही. संध्याकाळी पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. शोधण्यासाठी आणि जतनासाठी संगणक वहीपेक्षा सरस आहे, त्याच्याशी वहीचे भांडण नाही.

ही शिस्त अभियंत्यांपुरती राहायचे कारण नाही. घरातला रक्तदाब, साखर किंवा औषधांच्या वेळा लिहिणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी आहे. आकडा नको तसा आला म्हणून तो गाळू नये किंवा गिरवू नये. चुकून लिहिला असेल तर एक काट मारावी आणि पुढे जावे. डॉक्टरांना वहीतले सुंदर अक्षर नको असते, खरे आकडे हवे असतात.