शेंगदाण्याची पहिली ओळख : तोंडातून की त्वचेतून?

ब्रिटनमधील ज्यू मुले आणि इस्रायलमधील ज्यू मुले यांची आनुवंशिक पार्श्वभूमी बरीच मिळतीजुळती आहे. तरीही लंडनचे बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या दोन देशांतील शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा एक विलक्षण तफावत समोर आली. ब्रिटनमधील मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के होती, तर इस्रायलमधील मुलांत अवघी ०.१७ टक्के. म्हणजे जवळजवळ दहापट फरक. ठळकपणे वेगळी होती ती एकच गोष्ट. इस्रायलमध्ये बाळ बसू लागले की त्याच्या हाती ‘बांबा’ नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ दिला जातो. ब्रिटनमध्ये त्या वयाच्या बाळांना शेंगदाणा जवळजवळ मिळतच नव्हता, आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार!

या कोड्याकडे वळण्यापूर्वी एक शब्द नीट करून घेऊ. ‘वावडे’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दूध प्यायल्यावर कुणाचे पोट गुबारते, कारण दुधातली साखर पचवणारे विकर त्याच्या आतड्यात कमी पडते. हे पचनाचे दुखणे झाले. त्रासदायक, पण जीवघेणे नव्हे. ॲलर्जी हे प्रतिकारयंत्रणेचे काम आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेली ही यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू ठरवते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते.

‘तयार करून ठेवते’ हे महत्त्वाचे. पहिल्या भेटीत काहीच दिसत नाही. पॅरिसचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्त्ये हे समुद्रफुलाच्या विषाविरुद्ध कुत्र्यांना संरक्षण देता येते का, हे पाहत होते. अल्प मात्रा सोसलेल्या कुत्र्याला त्यांनी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा दिली. संरक्षण मिळण्याऐवजी कुत्रा थोड्याच वेळात मेला. संरक्षणाच्या उलट, या अर्थाने त्यांनी १९०२ साली या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

ही ‘आठवण’ रक्तात असते, हे दाखवणारा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही! हाइन्झ क्यूस्टनर यांना शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी त्यांच्या रक्तातील द्रव आपल्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे लगेच गांधी उठली. हे १९२१ साली प्रसिद्ध झाले. तो घटक कोणता, हे कळायला मात्र पुढची पंचेचाळीस वर्षे गेली. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला. १९६८ मध्ये त्याला ‘आयजीई’ प्रतिपिंड हे नाव मिळाले.

आयजीईचे रेणू त्वचेतल्या, श्वासमार्गातल्या व आतड्यातल्या ‘मास्ट’ पेशींवर चिकटून बसलेले असतात. ते प्रथिन पुन्हा आले की पेशी आपले साठे एकदम रिकामे करतात. त्यांतील हिस्टामिन व इतर द्रव्यांमुळे अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो. हे सारे एकाच वेळी जोरात घडले तर जीव धोक्यात येतो. यातील जवळजवळ प्रत्येक बिघाड उलटवणारे औषध एकच, ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचायचे असते. ब्रिटनमधील मृत्यूंच्या नोंदी तपासून रिचर्ड पम्फ्री यांनी २००० साली दाखवले, की अन्नामुळे झालेल्या प्राणघातक झटक्यांत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतच्या वेळेचा मध्यक अवघा ३० मिनिटे होता. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने खाज कमी होते, कोसळलेला रक्तदाब वर येत नाही. तेव्हा गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये. अशा मुलाला उठवून चालवतही नेऊ नये, आडवे ठेवावे. धाप लागत असेल तर टेकवून बसवावे. शिक्षकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे.

एवढा धोका असल्यावर ‘बाळाला शेंगदाणा देऊच नका’ हा सल्ला कुणालाही पटेल. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली, घराण्यात ॲलर्जी असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सुचवले. ब्रिटनमध्येही १९९८ पासून तसाच सल्ला होता. पण सल्ला पाळूनही ॲलर्जी घटण्याचे चिन्ह दिसेना. मग ज्यांनी शेंगदाणा कधी खाल्लाच नाही, त्या बाळांच्या शरीराला त्याची ‘पहिली ओळख’ झाली कोठून?

धागा मिळाला तो त्वचेपाशी. ब्रिटनमधील एव्हन भागात सुमारे चौदा हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होत होता. लॅक यांच्या गटाने २००३ साली दाखवले, की शेंगदाण्याची ॲलर्जी आणि बाळपणी सुजऱ्या, पुरळ आलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमे लावणे यांचा संबंध आहे. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी येथील संशोधकांनी, त्वचेचा थर घट्ट ठेवणाऱ्या ‘फिलॅग्रिन’ प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाशी जोडला. पुढे २०११ मध्ये तोच दोष शेंगदाण्याच्या ॲलर्जीशीही जोडला गेला. आपल्याला सर्वांत बोलके वाटते ते जपानचे उदाहरण. गव्हाचे विघटित प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. ही माणसे जन्मभर गहू खात आली होती!

तेव्हा चित्र असे उभे राहते. आतड्यातून आलेल्या अन्नाला प्रतिकारयंत्रणा सहसा ‘आपले’ म्हणून सोडून देते. भेगाळलेल्या त्वचेतून तेच प्रथिन आत शिरले, तर त्याची नोंद घुसखोर म्हणून होते. घरातली मोठी माणसे शेंगदाणे खातात. त्याचे कण हातांवर, बिछान्यात, धुळीत राहतात. सल्ल्याने बाळाचे तोंड बंद केले, त्वचा मात्र उघडीच राहिली.

पण दोन देशांची तुलना म्हणजे पुरावा नव्हे. ऊन, आहार, राहणी असे कितीतरी फरक असतात. म्हणून लॅक यांच्या गटाने चार ते अकरा महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाने शेंगदाणा टाळायचा, दुसऱ्याने आठवड्याला किमान सहा ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन खायचे. म्हणजे साधारण २४ ग्रॅम दाणे झाले. यादृच्छिक वाटणी कशासाठी करतात, हे वर्गात समजावायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. २०१५ साली निकाल आला. सुरुवातीची त्वचाचाचणी नकारात्मक असलेल्या मुलांत पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. चाचणी किंचित सकारात्मक असलेल्यांत हेच प्रमाण ३५.३ आणि १०.६ होते. मुले बारा-तेरा वर्षांची झाल्यावर केलेली तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात त्यांनी शेंगदाणा हवा तसा खाल्ला किंवा सोडला होता, तरी खाणाऱ्या गटाचा फायदा टिकून होता : १५.४ विरुद्ध ४.४ टक्के.

ज्यांच्या घरी कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत दाण्याचे कूट पडते, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण त्यावरून ‘आपल्याकडे असले काही नसतेच’ असे मानू नये. पॅकबंद पदार्थावर शेंगदाण्याचा ठळक उल्लेख करणे भारतातही २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. शिवाय अख्खा दाणा तान्ह्या बाळाला कधीच देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पातळ कालवूनच द्यावे. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण या प्रयोगातूनही चाचणीत मोठी गांधी उठलेली ७६ बाळे सुरुवातीलाच वगळली होती.

ज्यांना ॲलर्जी आधीच जडली आहे, त्यांना ही लवकर ओळख उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी आयजीईलाच बांधून ठेवणारे ‘ओमालिझुमॅब’ हे इंजेक्शन अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाले. चाचणीत ते घेतलेल्या ११८ जणांपैकी ७९ जणांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे दोन-अडीच दाण्यांइतके, सोसले. औषधाविना ५९ पैकी फक्त चौघांना. त्याचा उपयोग चुकून पोटात गेलेल्या घासापुरता आहे. शेंगदाणा टाळणे त्यांना चुकत नाही, आणि ॲड्रेनॅलिन जवळ ठेवणेही.