सवचे कढत झरे आणि शनीचा एन्सेलाडस

पाचाडहून खाली महाडला उतरलं की सावित्रीच्या काठी सव गाव लागतं. तिथले गरम पाण्याचे झरे सगळ्यांना ठाऊक आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. जवळपास ज्वालामुखी नसतानाही.

असंच कढत पाणी शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या पोटातही असावं! जेमतेम 500 किलोमीटर व्यासाचा हा गोळा वरून बर्फाने बंद, आत मात्र खारा महासागर. सूर्य दूर, मग ऊब कुठली? शनीभोवती फिरताना ओढाताणीने त्याचं अंग सतत दाबलं-सैलावलं जातं, त्या घर्षणातून. 2005 मध्ये कॅसिनी यानाला दक्षिण ध्रुवाच्या भेगांतून उसळणारे बर्फकणांचे फवारे दिसले. यान पुढे त्या फवाऱ्यांतून थेट गेलं. मीठ, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन सापडला आणि 2023 मध्ये जुन्या नोंदींतून फॉस्फरसही हाती लागला. त्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण तर तळाशी किमान 90 अंशांचं पाणी असल्याचं सुचवतात.

हायड्रोजन ही सर्वांत मोठी गोष्ट. पृथ्वीवर काही सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशाशिवाय त्यावरच जगतात. अर्थात, तिथे जीव सापडलेला नाही. सापडली आहे ती जगण्याजोगी सामग्री.

अशीच सामग्री शोधायला आता लक्ष गुरूच्या युरोपा या चंद्राकडे. ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान 2030 मध्ये गुरूपाशी पोहोचेल. तोवर गुरू आकाशात असताना पाचाडच्या अंधाऱ्या माळावर दुर्बीण घेऊन या. त्याच्या शेजारच्या ठिपक्यांत युरोपा नक्की शोधा.